आमचा भुलोजी नागपूरला गेला

आमचा भुलोजी लाकडाचा होता. हे वाचून ज्यांना काहीच विशेष वाटलं नाही ती माणसं वऱ्हाडातली नसणार, म्हणून त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडतात. बाजारातून मातीची जोडी आणायची, भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती, असं मोठी माणसं सांगायची. आम्हा पोरींना ती आमच्यातलीच एक वाटायची, फक्त लग्न झालेली. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन तिच्यापुढे गाणी म्हणायची, सासरच्या एकेका माणसाची त्या गाण्यांतून खरडपट्टी काढायची, आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे खाऊच, पण झाकलेल्या डब्यातला. बाकीच्यांनी डबा हलवून, कानाला लावून, वास घेऊन आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत खायला मिळायचं नाही. कोजागिरी झाली की जोडी नदीत शिरवायची आणि रिकामा पाट घेऊन घरी यायचं.

गावात सगळ्यांकडे ही जोडी दरवर्षी नवी असायची. आमच्याकडे भुलोजी तोच आणि भुलाबाई तेवढी दरवर्षी नवी. आता ज्या माणसाला दरवर्षी नवी बायको मिळते त्यानं थोडं खुशीत असावं की नाही? पण आमचा भुलोजी कायम वैतागलेला. कपाळाला आठ्या, मिशा खाली उतरलेल्या, खालचा ओठ पुढे आलेला. त्याला कारण होतं.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, लहान होती तेव्हाची ही गोष्ट. बोरी अरबच्या बाजारातून जोडी आणताना तिच्या हातून भुलोजी पडला आणि त्याचा चुरा झाला. भुलाबाई शाबूत. आत्यानं जे रडायला सुरुवात केली ती थांबेचना. घरी तेव्हा नव्या खोलीची चौकट करायला सुतार आला होता आणि आबाजी, म्हणजे आत्याचे वडील, समोर खाटेवर बसून त्याच्या कामात चुका काढत होते. आबाजींना पोरींचं रडणं सहन व्हायचं नाही. माया म्हणून नव्हे, कान दुखतात म्हणून. ते सुताराला म्हणाले, "चौकटीतलं लाकूड उरलं असन तं इले एक भुलोजी कोरून दे बाप्पा. असा दे का जल्मात फुटला नाही पाह्यजे."

सुतारानं तोवर तिफणी केल्या होत्या, वखर केले होते, दारं-खिडक्या केल्या होत्या. माणूस कधी केला नव्हता. माणूस कोरायचा तर समोर एखादा माणूस पाहिजे, आणि समोर होते आबाजी, तेही त्याच्यावर चिडलेले. त्यानं जे दिसलं ते कोरलं. संध्याकाळी सागाचा वीतभर भुलोजी तयार झाला तेव्हा तो अंगणातल्या प्रत्येकानं ओळखला. आजीनं तोंडाला पदर लावला आणि ती जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. फक्त आबाजींनी ओळखला नाही. हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "तोंड काहून असं केलं याचं?"

तेव्हापासून आमच्या घरी भुलोजीला उद्देशून जे काही म्हटलं गेलं ते आबाजींना म्हटलं गेलं. ज्या माणसासमोर घरातली कुणी बाई मोठ्यानं हसत नव्हती, त्याच्या तोंडावर पोरी महिनाभर हव्या त्या चेष्टा गाण्यांतून करायच्या. आजीसुद्धा टाळ्या वाजवायला येऊन बसायची. आबाजी ओसरीवर पाठ करून बसलेले असत. गाणी सुरू झाली की ते पान लावायचे, पण उठून जायचे नाहीत. तो महिनाभर संध्याकाळी ते कुठेच जायचे नाहीत. मला ते अजून आठवतं, आणि आबाजींचा मला राग यायचा तो तिथेच निम्मा कमी होतो.

आत्याचं लग्न घाटंजीकडे झालं होतं. वर्षाच्या आत ती परत आली आणि राहिली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आमच्या घरात तिला कुणी विचारलं नाही. शेतीतलं आबाजींच्या खालोखाल तिलाच कळायचं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, काय पडलं, तूर कधी सोंगायची, मजूर कोण आळशी, सगळं तिच्या जिभेवर. तोंडाची फटकळ. आमच्या घराण्यातला तापटपणा तिच्याकडून माझ्याकडे आला, शेती वडिलांकडे राहिली, त्यामुळे मला तो नुसता तापटपणा घेऊन यवतमाळात ब्लाउज शिवत बसावं लागलं.

तर परत आल्यावर आत्यानं बाजारची भुलाबाई आणणं बंद केलं. ती स्वतः करायची. नदीची चिकणमाती आणायची, मळायची, आणि आम्हा पोरींना आजूबाजूला बसवून घडवायची. हळदीनं तोंड रंगवायचं, काजळानं डोळे, चुन्याच्या टिपक्यांची नथ. आम्ही चुलत-सख्ख्या मिळून घरात पोरीच पोरी. प्रत्येकीला वाटायचं यंदाची भुलाबाई माझ्यासारखी दिसते. आत्या म्हणायची, "हो वं, तुह्यासारखीच हाय. नाक फेंदारलेलं हाय न."

महिनाभर धमाल असायची. पण कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना आत्याचा मूड जायचा. भुलोजी धुवून-पुसून फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवलेला असायचा आणि भुलाबाई तिच्या हातात. दरवर्षी ती तेच म्हणायची, "थो बसला घरात अन् हे चालली पाण्यात." आम्ही हसायचो. आत्या हसायची नाही. भुलाबाईला पाण्यात सोडायचं काम तिनं कधी आम्हाला करू दिलं नाही. स्वतः गुडघाभर पाण्यात जायची आणि माती विरघळेपर्यंत हात काढायची नाही.

मग आम्ही एकेक जणी लग्न होऊन गेलो. घरात गाणी म्हणायला कुणी उरलं नाही. आबाजी गेले, घर पाडून स्लॅबचं झालं. त्या सुमाराला यवतमाळच्या एका कॉलेजचे प्राध्यापक गावोगाव फिरून जुन्या वस्तू गोळा करत होते. आत्यानं स्वतःच्या हातानं भुलोजी त्यांना दिला. म्हणाली, "वाळवीनं खाल्ल्यापेक्षा लोकाइनं पाह्यलेला बरा." आम्ही कुणी अडवलं नाही, कारण अडवून त्याचं करणार काय होतो.

कॉलेजातल्या दोन खोल्यांमध्ये तो संग्रह होता. जुन्या पायल्या, अडकित्ते, पितळी कुलपं, गोंडांचे ढोल, बंजारा तांड्यावरचे आरशांचे घागरे, आणि एका काचेच्या कपाटात उंच ठोकळ्यावर आमचा भुलोजी. खाली चिठ्ठी, "पुरुषाकृती, साग." मी यवतमाळातच लोहाऱ्याकडे राहते. बाजारात जाताना कधी मनात आलं तर आत डोकावायची आणि आत्याला फोन करून सांगायची, "आबाजीले भेटून आली." ती विचारायची, "तोंड सुधरलं का?"

यंदा दसऱ्याच्या आधी त्या संग्रहाच्या मॅडमचा फोन आला. खोल्यांचं छत गळायला लागलं होतं, म्हणून सगळ्या वस्तू नागपूरच्या एका मोठ्या संग्रहालयात जायच्या होत्या. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना त्या आपणहून कळवत होत्या. मला बरं वाटलं. हल्ली कोण कुणाला कळवतं.

मी लगेच आत्याला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि आमच्या घरचं सगळं आधी गल्लीला कळतं.

"आबाजी नागपूरले चालले," मी ओरडले.

पलीकडून आत्या म्हणाली, "एकटेच?"

"अवं, अजून कोण पाह्यजे?"

"भुलाबाई नको काय? इतके वर्ष बिनबायकोचा उभा हाय थो काचंत. नागपूरलेबी तसाच जाईन? मी यंदा भुलाबाई बनवीन अन् थे त्याच्यासंगं जाईन."

"आत्या, तिथं जुन्या वस्तू ठेवतात. तू आज केलेली कशी घेतील?"

"मले ते सांगू नको. आतापावेतो हरएक वर्षी तिले मी पाण्यात सोडली. आता माह्या किती कोजागिऱ्या राह्यल्या? एक तरी भुलाबाई राह्यली पाह्यजे, बाई. तू त्या मॅडमले इचार." आणि तिनं फोन ठेवला. आत्या फोन ठेवते तेव्हा विषय संपलेला असतो.

खरं सांगते, मला आधी चीड आली. स्वतः नाही जायचं, मला पाठवायचं. पण मग मशीनवर बसले आणि हात चालेना. ती आयुष्यभर कुणाला काही मागायला गेली नाही. सासरकडे नाही, भावांकडे नाही. हे एवढं मागत होती, आणि तेही मातीच्या बाहुलीसाठी. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले.

मॅडम तिशी-पस्तिशीच्या होत्या, पुसदकडच्या. मी "भुलोजी" म्हटल्याबरोबर त्या खुर्चीतून उठल्या आणि कपाटापाशी जाऊन पाहायला लागल्या. "अहो, आमच्याकडे मातीचा असतो, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. तरी मी म्हणत होते याचं तोंड ओळखीचं का वाटतं." मी म्हटलं, ते तोंड माझ्या आजोबांचं आहे. मग सगळी गोष्ट सांगितली. त्या हसल्या, डोळे पुसले, पण म्हणाल्या, नवीन वस्तू संग्रहात घ्यायची म्हणजे नागपूरच्या साहेबांना विचारावं लागेल. विचारते. शब्द देत नाही.

"आणि कोजागिरीच्या दिवशी आत्यानं येऊन गाणी म्हटली तर?"

"ती म्हणा. पण दुपारी. पाचला कुलूप लागतं."

म्हणजे कोजागिरी भर दुपारी. मी म्हटलं, चालेल, चंद्राला काय, तो कुठे कॉलेजात येतो.

निघताना मी भुलोजीचा फोटो काढून माझ्या भावाच्या मोबाईलवर पाठवला, आत्याला दाखव म्हणून. इथेच घोळ झाला. भावानं तो फोटो बोटांनी मोठा करून करून तिला दाखवला. भुलोजी सगळ्या स्क्रीनभर. आत्यानं पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा, हा तं चांगला मोठा हाय. मले लहान याद होता." भाऊ म्हणाला, "तूच हाताळला न वं इतके वर्ष." त्यावर ती म्हणाली, "माह्या हाताचा काय भरोसा आता? मोबाईल कायले खोटं बोलीन?" आणि तिनं नदीवरून घमेलं भरून माती आणवली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी गावाला गेले. माजघरात भुलाबाई पाटावर उभी होती, हळदीनं पिवळी, नथ, काजळ, हिरव्या खणाचं लुगडं. इतकी सुंदर झाली होती की मी पाहतच राहिले. आकार जरा जास्त वाटला, पण मला वाटलं, आपण लहानपणी पाहिलेलं सगळं मोठंच असतं, मग ही बरोबरच असेल. मला स्वतःला तो वीतभर भुलोजी महिन्यातून एकदा दिसत होता, तरी मी असं म्हटलं. आमच्या घराण्यात एकीचं डोकं फिरलं की दुसरीचं आपोआप फिरतं.

आत्यानं मला एकच विचारलं, "आला का निरोप?"

"नाही आला."

"येईन," ती म्हणाली. पण त्या रात्री ती नीट जेवली नाही.

सकाळी आम्ही काळीपिवळीत बसलो. ती जीप एरवी मेंढरं भरल्यासारखी माणसं भरून यवतमाळला जाते, पण त्या दिवशी ड्रायव्हरनं पुढची सीट भुलाबाईला दिली आणि तिच्या पोटाभोवती आत्याचा शेला बांधला. मागे आम्ही, गावातल्या दोघी म्हाताऱ्या आणि तांड्यावरची मावशी. मावशी आत्याची लहानपणापासूनची जिवाची मैत्रीण. पोरगी असताना ती तांड्यावरून आमच्याकडे भुलाबाईची गाणी म्हणायला यायची, गाणं मराठीत सुरू करायची आणि अर्ध्यातून त्यांच्या गोरबोलीत घुसायची. काय म्हणाली विचारलं तर सांगायची नाही, नुसती हसायची. ते शब्द आबाजींबद्दलच होते अशी आम्हाला अजून शंका आहे. भुलाबाईच्या मखराला ज्वारीचे पाच धांडे लागतात. आता सगळं शिवार सोयाबीन आणि तुरीचं, ज्वारी शोधावी लागते. धांडे मावशीनंच तांड्यावरून आणले होते. ते खिडकीतून बाहेर काढून ती रस्ताभर धरून बसली.

मॅडमनी व्हरांड्यात टेबल मांडून त्यावर पांढरी चादर घातली होती. भुलोजी कपाटातून काढून मधोमध उभा केला होता. आत्या जवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला. तिनं हात पुढे केला आणि भुलोजी तिच्या एका वितीत मावला. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. असं, की तो मीच रात्रीतून तासून लहान केला असावा.

भुलाबाई टेबलावर ठेवली. भुलोजी तिच्या कमरेला लागत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला सोडायला आलेली आई दिसते तशी ती दिसत होती, आणि पोरगं चिडलेलं.

मग तांड्यावरची मावशी म्हणाली, "अगं याडी, ही तं त्याची माय दिसते."

हशा जो सुटला तो आवरेना. मॅडम भिंतीला टेकून हसत होत्या. कॉलेजचे शिपाई, चांगले वयस्क गृहस्थ, चहाचा ट्रे खाली ठेवून हसले. मग आत्याचे खांदे हलायला लागले आणि ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं. "बरं झालं," ती डोळे पुसत म्हणाली, "इतके वर्ष त्यानं डोळे वटारले. आता वटारून दाखव म्हणा."

धांड्यांचं मखर उभं केलं आणि गाणी सुरू झाली. सुरुवात वाईट झाली. शब्द आठवेनात. आत्या एक म्हणायची, गावातली एक जण दुसरंच म्हणायची, आणि दोघी गाणं थांबवून भांडायच्या. पण टाळ्यांचा ठेका सापडला तसे शब्द मागून आले. कुठून आले देव जाणे, मलाही सगळे आठवत होते. मॅडम आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पुसदकडची चाल जरा वेगळी होती, त्यांनी ती मध्ये घुसवली. मावशीनं ठरल्याप्रमाणे अर्ध्यातून गोरबोली सुरू केली. ऑफिसातल्या दोन बायका आल्या, वरच्या वर्गातल्या पोरी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलेलं आहे.

खिरापत. मी तिळाची बर्फी नेली होती, ती पहिल्या फटक्यात ओळखली गेली. मावशीच्या उकडलेल्या शेंगा वासानं कळल्या. मॅडमनी साबुदाण्याच्या चकल्या आणल्या होत्या, डब्यात त्या इतक्या वाजत होत्या की लपवण्यात अर्थ नव्हता. आत्याचा डबा मात्र कुणाला ओळखता येईना. वाजेना, वास येईना. शिपाईकाकांनी कानाला लावून पाहिला. बिस्किट, पेढा, केळी, सगळं म्हणून झालं. शेवटी हरलो म्हटल्यावर आत्यानं झाकण काढलं. आपल्या शेतातलं वाळकं, काकडीच्या जातीचं, सोलून, मोठ्या फोडी करून, वर तिखट-मीठ. पऱ्हाटीत वेल येतो त्याचं. ते खाताना सगळ्यांचे हात चिकट झाले आणि मॅडमना भुलोजीकडे कुणाला जाऊ द्यायचं नाही म्हणून राखण करावी लागली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या बाजूला गेल्या. आत्यानं तोंडातली फोड तशीच धरून ठेवली. तिला ऐकू येत नव्हतं, पण मॅडमच्या तोंडावरून तिची नजर हलत नव्हती.

मॅडम हसतच परत आल्या आणि आत्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, नागपूरचे साहेब हो म्हणाले. जोडी पूर्ण होते म्हणून घेतो म्हणाले. तिच्या मापाची वेगळी पेटी आजच करून घेऊ. दोघं संगंच जातील."

मी आत्याचा दंड धरला. "झालं वं आत्या. ऐकलं का? झालं."

आत्यानं फोड चावून गिळली. हात पदराला पुसले. भुलाबाईजवळ जाऊन तिचं लुगडं नीट केलं आणि विचारलं, "मॅडम, थे तिथं राहीन कुठं?"

"काचेच्या कपाटात, आजी. धूळ नाही, ऊन नाही. कुणी हात लावणार नाही. शंभर वर्षं काही होणार नाही तिला."

"अन् भादव्यात आणायची असन तं?"

"कुठे आणायची?"

"माहेरी. दरसाल येते न थे. महिनाभरासाठी तरी देसान ना?"

मॅडम अवघडल्या. "नाही आजी. एकदा संग्रहात गेलं की वस्तू बाहेर देत नाहीत. तुम्हीच तिथे यायचं, पाहायला."

आत्यानं भुलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग पाणीच बरं होतं. पाण्यातून थे दरवर्षी येत तरी होती."

तिनं भुलाबाईच्या पाठीमागून हात घातला, दुसरा हात पाटाखाली घातला आणि तिला उचलून छातीशी घेतलं. एवढी मोठी मातीची बाई, आणि आत्या या वयाची. शिपाईकाका मदतीला धावले तर तिनं त्यांना कोपरानं बाजूला केलं.

"थो जाऊ दे," ती म्हणाली. "हे नाही जात."

मी भडकले. खोटं कशाला सांगू. पंधरवडाभर मी त्या कॉलेजात खेटे घातले होते, शिवायला आलेले ब्लाउज तसेच पडले होते, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "आत्या, तूच म्हणत होती न त्याच्यासंगं पाठवायची? आता साहेब हो म्हणाले तं तू नाही म्हणतं?"

"म्हणत होती."

"मग आता काहून?"

"आतापावेतो मले वाटे, दोनच जागा हायेत तिले. पाणी, नाही तं थो जाईन तिथं." आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, अगदी शांत. एरवी ती माझ्या वरच्या पट्टीत बोलते. "मीबी तं राह्यलीच न वं, बाई. मले काय झालं?"

मावशी उठली आणि आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मॅडमनी नागपूरला परत फोन लावला, आणि मी ऐकलं, त्या सांगत होत्या, "नाही सर, एकच पेटी. हो, फक्त भुलोजी." त्या हसत होत्या.

भुलोजीला पेटीत ठेवायच्या आधी आत्यानं त्याला पदरानं पुसलं. मिशांवरून अंगठा फिरवला. "जा बाबा," ती म्हणाली, "जल्मात नागपूर पाह्यलं नाही तुमी. लोकं येतील पाहाले, त्याइच्यावर खेकसू नका." मॅडमनी मऊ कागद लावून त्याला आडवा केला. पेटीचं झाकण बसेपर्यंत तो आमच्याकडे तसाच आठ्या घालून पाहत होता आणि आम्ही सगळ्याजणी त्याला हसत होतो. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. पण हसणं थांबलं नव्हतं.

परत येताना भुलाबाई पुढच्या सीटवर बसली नाही. आत्यानं तिला मांडीवर घेतलं. उन्हं उतरली होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटायला लागली होती, आणि मावशी तिच्या बोलीत काहीबाही गुणगुणत होती. ह्या वेळी मी तिला अर्थ विचारला नाही.

गावाआधी नदीचा पूल लागतो. ड्रायव्हर आमच्याच गावचा. कोजागिरीची गाणी झाली की भुलाबाई कुठे जाते हे त्याला माहीत. त्यानं काही न विचारता पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, उतरून आत्याच्या बाजूचं दार उघडलं आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, सावकाश उतरा. पाटाले हात लावू का मी?"

आत्यानं दार ओढून घेतलं.

"चाल बाप्पा," ती म्हणाली. "आमाले घरी जायचं हाय."